आधी जनावर, मग गोळी, मग दारू

भाट्याच्या खाडीवरचा पूल डोळ्यांआड करा. डांबरी रस्ता, विजेचे खांब, मोबाईलचे मनोरे, सगळं पुसून टाका. आता तुमच्यासमोर नुसतं पाणी आहे आणि काठाला एक तर लागली आहे. तिच्यात बसा.

कार्तिक, १८८७

ब्रह्मदेशचा थिबा राजा गेल्याच वर्षी कैदी म्हणून रत्नागिरीत आणला गेलाय आणि तरीतल्या माणसांना बोलायला तेवढा विषय पुरतोय. पलीकडे उतरून तुम्ही चालू लागता. फणसोप मागे पडतं, गोळप मागे पडतं, पुढे उघडा कातळ पसरतो. पावसाळ्यात वाढलेलं गवत पिवळं पडलंय, करवंदीच्या जाळ्या मात्र अजून दाट आहेत. गुरं वळणारा एक पोर तुम्हाला हटकतो, "पाव्हणे, जाळीच्या कडेने नको, मधून चला. बिबळ्या बसलेला असतो."

पावसला पोहोचता तेव्हा गौतमी नदीच्या काठाने गुरं घाईने घराकडे हाकली जातायत. एका खळ्यात माणसं जमलीत. दुपारी सड्यावर पाडी मारली गेली, या पंधरवड्यातली दुसरी. उद्या पोरांना गुरांमागे पाठवायचं की नाही, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, पण प्रत्येक बाईच्या तोंडावर तो दिसतो.

त्या घरातले आबा तुम्हाला ओटीवर बोलावतात. कांबळ्यावर सामान मांडलेलं आहे: ठासणीची बंदूक, दारूचं शिंग, केपांची डबी, गज, चिमट्याच्या घडणीचा लोखंडी साचा, नारळाच्या सोडणातून काढलेला मऊ काथ्या. बंदुकीच्या परवान्याचा कागद देवघरात आहे. १८७८ साली हत्यारांचा कायदा आल्यापासून गावात बंदूक ठेवायची तर तो कागद हवाच.

"शिंग उचल आणि माजघरात ठेवून ये," आबा सांगतात. "शिसं वितळवायचंय. चूल आणि दारू एका छपराखाली नको."

तुम्ही शिंग आत ठेवून येता. मागच्या मांगरात चुलीवर लोखंडी पळी तापतेय. पळीत टाकलेलं शिसं कोळ्यांकडून आणलंय, फाटलेल्या पागाच्या मण्यांचं. ते मऊ आहे, नखाने चरा उठतो. आबांना तसंच हवं असतं, कारण मऊ शिसं जनावरात शिरल्यावर पसरतं आणि आपला जोर आतच सोडतं. शिसं चकचकीत झाल्यावर वरची राख बाजूला सारून ते साच्यात ओततात. साच्याला पाण्याचा थेंब लागलेला चालत नाही. तापल्या शिशाखाली थेंब सापडला तर त्याची वाफ होऊन शिसं डोळ्यांवर उडतं.

पहिल्या दोन गोळ्यांवर सुरकुत्या दिसतात. साचा अजून पुरता तापलेला नाही. आबा त्या परत पळीत टाकतात. पुढच्या गोळ्या गुळगुळीत येतात. देठ छाटून ते एकेक गोळी तराजूत घालतात, समोर तोळा आणि गुंजा. ही नळी बारा बोअरची आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल, ती बारा बोअर. अशी गोळी सव्वातीन तोळ्यांची आणि साडेअठरा मिलिमीटर जाडीची. आबांच्या साच्यातली तिच्याहून केसभर लहान, कारण भोवती तेलाची चिंधी यायची असते. एक गोळी पाच गुंजा हलकी भरते.

"दिसायला तर सारखीच आहे," तुम्ही म्हणता.

"आत हवा राहिलीय. पोकळ बाजू एकीकडे, जड बाजू दुसरीकडे. ही नेमावर जायची नाही." तीही पळीत जाते.

शेजारचा एक जण कडोसरीतून खिळ्यांचे तुकडे आणि बारीक छर्रे काढून पुढे करतो. मूठभर भरा, काहीतरी लागेलच, असं त्याचं म्हणणं. आबा मान हलवतात.

"काहीतरी लागेल हेच नको. छर्रा कातडीत अडकतो. जनावर मरत नाही, भडकतं. आपण घरी येऊन झोपतो आणि चार दिवसांनी ते लाकडं तोडायला गेलेल्या बाईवर पडतं. तिने कुणाचं काय केलेलं असतं?"

मग ते हाताच्या तीन बोटांवर मोजून दाखवतात. आधी जनावर ठरवायचं. त्याला कुठली गोळी लागेल ते मग बघायचं. त्या गोळीला पेलेल एवढी दारू शेवटी. "लोक उलटीकडून सुरू करतात. दारू ठासतात, मिळेल ते वर कोंबतात आणि जनावर शोधायला निघतात."

शिंग परत आणलं जातं, चूल विझल्यावर. बंदुकीवर आधी नुसती केप ठेवून आबा बार काढतात, म्हणजे आतला ओलावा आणि तेल उडून वाट मोकळी होते. मग बांबूच्या मापाने दारू नळीत जाते. तुम्ही म्हणता, मोठं जनावर आहे, थोडी जास्त घाला. ते सांगतात की नळी संपेपर्यंत जेवढी जळेल तेवढीच कामाची. उरलेली बाहेर जाऊन नुसता उजेड पाडते आणि खांदा सुजवते. दारूवर काथ्या, त्यावर तेलात भिजवलेल्या चिंधीतली गोळी, आणि मग गज. रिकाम्या नळीत गज तोंडाशी समपातळीत बसतो. आता तो चार बोटं वर राहिला आहे. चार बोटांचा बार. ते गज थोडा उचलून सोडतात. तो आत आपटून टणकन वर उसळतो. गोळी दारूवर घट्ट बसल्याची ही खूण. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर फुटते ती नळी, आणि नळीवर असतो तो भरणाऱ्याचा डावा हात.

केप मात्र अजून डबीतच. ती झाडावर चढून बसल्यावर.

रात्री तुम्ही त्यांच्या शेजारी माळ्यावर बसलेले असता. खाली तीस पावलांवर पाडी पडलीय. यापलीकडे गुळगुळीत नळीतून सुटलेल्या गोळीचा भरवसा ते धरत नाहीत. चांदणं वर आल्यावर जाळीतून बिबळ्या निघतो, पाडीपाशी येतो आणि तुमच्याकडे तोंड करून उभा राहतो. आबा हलत नाहीत. समोरून छाती लहान दिसते आणि कवटी उतरती असते. तो खातो, मान वर करतो, पुन्हा खातो. शेवटी आडवा वळतो. पुढच्या पायामागे नळीवरची माशी टेकते आणि चाप ओढला जातो.

धुरात काही दिसत नाही. काळ्या दारूचा पांढरा पडदा दोन झाडांमध्ये लोंबत राहतो. तुम्ही उतरायला बघता तेव्हा आबांचा हात तुमच्या दंडावर पडतो. उजाडेपर्यंत खाली पाय टाकायचा नाही, आणि दुसरा बार भरल्याशिवाय तर नाहीच. पहाटे बिबळ्या वीस पावलांवर मेलेला सापडतो. पुढे कातडं कचेरीत जाईल, सरकारी इनाम मिळेल. आबा आधी पोराला सांगतात, गुरं सोड.

माघ, १९०८

तुम्ही त्याच गावात आहात, पण आता आमराईत तंबू पडलेत. जिल्ह्यातला एक गोरा अधिकारी दौऱ्यावर राजापूरकडे निघालाय; पुढे घाट चढून कोल्हापूर दरबारच्या परवानगीने गव्यामागे जायचा त्याचा बेत आहे. साहेब नदीकडे फिरायला गेलाय. तंबूच्या सावलीत त्याचा मराठी कारकून काडतुसं भरतोय. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणतात.

"या, बसा. विडी असेल तर विझवा," तो म्हणतो.

समोर दोन दुनळी रायफली आहेत. पहिली जुनी, ५०० बोअरची, काळ्या दारूवर चालणारी. इथे आकडा इंचाच्या हजाराव्या भागांत मोजायचा, म्हणजे गोळी अर्ध्या इंचाची. तीन इंच लांब पितळी नळकांड्यात सुमारे १३६ ग्रेन दारू आणि पुढे ३४० ते ४४० ग्रेनची गोळी. तोळ्याचे १८० ग्रेन होतात, तेव्हा पाऊण तोळा दारू आणि दोन ते अडीच तोळे शिसं. वजनाने आबांच्या गोळीहून हलकी, पण नळीला आतून पीळ असल्यामुळे ती फिरत, सरळ आणि जास्त वेगाने जाते.

उडालेली नळकांडी भाऊसाहेब उकळत्या पाण्यात धुतो, कारण काळ्या दारूची राख ओल धरते आणि खाऱ्या हवेत आठवड्याभरात पितळ खाते. प्रत्येक तोंड तो उजेडाकडे धरून बघतो. केसाएवढी चीर दिसली तर नळकांडं भंगारात. विलायती नळकांड्यांना बहुधा बर्डनच्या पद्धतीची टोपी असते. तिच्यामागे मधोमध सरळ भोक नसतं, त्यामुळे आतून सळई घालून ती निघत नाही, बाहेरून आकडीने उचकटावी लागते. गंमत अशी की हायरम बर्डन अमेरिकेचा, आणि मधल्या भोकाची सोपी पद्धत काढणारा एडवर्ड बॉक्सर इंग्रज. दोघांचं काम १८६६ च्या सुमाराचं. पुढे अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि इंग्लंड-युरोपने अमेरिकनाची.

नवी टोपी बसवून तो लांब नळीतून दारू हळूहळू सोडतो, म्हणजे दाणे एकमेकांत नीट बसतात. वर पुठ्ठ्याची चकती, मेणाची चकती, मग गोळी. काळ्या दारूच्या काडतुसात रिकामी जागा राहू द्यायची नाही, हा नियम आबांच्या गजाइतकाच कडक आहे.

"पण या गोळीवर साहेबाचा विश्वास नाही," भाऊसाहेब सांगतो. गोळीच्या टोकात भोक आहे आणि त्यात तांब्याची बारीक नळी. हरणावर ती उत्तम फुटते. वाघाच्या खांद्यावर मात्र कधी कधी हाडावरच फुटून जाते आणि आत काही पोहोचत नाही. सॅम्युअल बेकर या अनुभवी शिकाऱ्याने १८९० च्या आपल्या पुस्तकात याच कारणासाठी पोकळ गोळीविरुद्ध लिहिलं. वाघासाठी त्याची पसंती ५७७ बोअरला, आणि तीत ६४८ ग्रेनची, म्हणजे साडेतीन तोळ्यांहून थोडी जास्त, भरीव मऊ शिशाची गोळी. पावसच्या मांगरात पागाच्या मण्यांतून ओतलेली गोळी हेच सांगत होती.

दुसरी रायफल नवीकोरी, ४७० बोअरची. तिच्या जन्मामागे हिंदुस्थानचं राजकारण आहे. १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बीने ४५० बोअरची नवी रायफल बाजारात आणली. तिच्यात काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट होतं, शेवयांच्या आकाराचं, जवळजवळ बिनधुराचं. फौजेच्या मार्टिनी-हेन्रीत ८५ ग्रेन काळी दारू ४८० ग्रेनची गोळी सेकंदाला १३५० फुटांनी फेकत असे. रिग्बीच्या ४५० मध्ये ७० ग्रेन कॉर्डाइट तेवढ्याच वजनाची गोळी २१५० फुटांनी फेकू लागलं. दारू कमी, गोळी तीच, जोर अडीच पट. पण मार्टिनीही ४५० बोअरची. चोरीला गेलेल्या मार्टिनी बंडखोरांच्या हाती होत्या आणि त्यांना दारूगोळा मिळू नये म्हणून सरकारने गेल्या वर्षी, १९०७ साली, हिंदुस्थानात या बोअरला बंदी घातली. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी थोडे वेगळे आकडे काढले: ४६५, ४७०, ४७५. तुमच्यासमोरची ४७० त्यातलीच. ५०० ग्रेनची गोळी, तोच २१५० फुटांचा वेग.

"हिची काडतुसं तुम्हीच भरता?"

"छे! ही आगबोटीने बंद डब्यात येतात. यात माझ्या हाताला परवानगी नाही." आणि तो कारण सांगतो. दुनळी रायफलीच्या दोन नळ्या समांतर दिसतात, पण त्या तशा नसतात. कारागीर एकाच ठरावीक काडतुसावर त्या जुळवतो, म्हणजे दोन्ही गोळ्या ठरलेल्या अंतरावर जवळजवळ पडतात. वेग बदलला की एक गोळी डावीकडे, दुसरी उजवीकडे. शिवाय कॉर्डाइटला उष्णता चढते. तापलेल्या काडतुसात दाब वाढतो, नळकांडं फुगून नळीत अडकतं आणि दुसरा बार हवा असतो नेमका तेव्हा बंदूक उघडत नाही. म्हणून उष्ण देशांसाठी थोडं कमी कॉर्डाइट भरलेली काडतुसं वेगळी मिळतात, आणि म्हणून भाऊसाहेब पेटी दिवसभर सावलीमागे सरकवत असतो.

पेटीत दोन कप्पे आहेत. एकात टोकाला उघडं शिसं असलेल्या गोळ्या, दुसऱ्यात पूर्ण निकेलच्या कवचातल्या भरीव. तुम्ही विचारता, दोन कशाला?

"जनावरं दोन आहेत म्हणून." बिबळ्या माणसाच्या वजनाचा. त्याला लगेच पसरणारी गोळी हवी. भरीव गोळी आरपार जाईल आणि जखमी बिबळ्या जाळीत बसेल. गवा हजार किलोपर्यंत जाणारा, खांद्याला माणसाहून उंच, त्याच्या हाडांआड हृदय. तिथे पसरणारी गोळी वाटेतच थांबते. सरळ, न वाकता आत जाणारी भरीव गोळी लागते. त्याच बंदुकीतली चुकीची गोळी ही गव्यापुढे लहान बंदूकच.

भाऊसाहेब कधी आबांना भेटलेला नाही. तरी त्याच्या पेटीचे कप्पे त्याच क्रमाने लावलेत.

ज्येष्ठ, १९५८

पाऊस लागलाय. पावसच्या एका पडवीत कंदील लावून तात्या बसलेत, शाळामास्तर होते, आता निवृत्त. गावात स्वामी स्वरूपानंद राहतात. त्यांच्या दर्शनाला आलेले दोघे पाहुणे पावसात अडकून याच पडवीत टेकलेत. समोर बारा बोअरची जुनी घोड्याची दुनळी, नळ्या दस्त्यापासून वेगळ्या काढून ठेवलेल्या.

तात्या बाजारच्या कागदी काडतुसांचा डबा उघडून तुमच्यापुढे धरतात. एक काडतूस उचलून नळीत सोडा. अर्ध्यावर अडकतं. कोकणच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो, फुगतो, आणि डुक्कर पिकात शिरतं त्या रात्री काडतूस आत जात नाही. म्हणून तात्या पितळी नळकांडी वापरतात. भरून झालेलं प्रत्येक काडतूस मोकळ्या नळीत सोडून बघतात. आपल्या वजनाने आत गेलं आणि उलटं धरल्यावर बाहेर पडलं, तरच ते पट्ट्यात. तोंडावरच्या पुठ्ठ्याभोवती मेणाची कड, टोपीभोवती लाखेचा थेंब.

शेजारचा तरुण मुंबईहून आलाय, गिरणीत आहे. त्याने बिनधुराच्या दारूचा डबा पैदा केलाय. "तात्या, ही भरा. धूर नाही, जोर दुप्पट."

तात्या त्याला नळी हातात घ्यायला लावतात. कंदिलाजवळ नेली की तिच्यावर लाटांची नक्षी दिसते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून जोडलेली ही नळी, काळ्या दारूच्या काळातली. नळीच्या खाली तपासणीचे शिक्के आहेत; नव्या दारूची परीक्षा झाल्याचा शिक्का त्यांत नाही.

"काळी दारू मापाने भरतात, बिनधुराची वजनाने," तात्या सांगतात. "काळ्या दारूचं माप हिने भरलंस तर नळी उघडी फाटेल. अरे, हात गेलेली माणसं अशीच गेली. डबा परत दे."

पोरगा मुकाट्याने डबा बाजूला ठेवतो. मग मुद्द्यावर येतो. वाडीमागे बिबळ्या फिरतोय, कुत्री उचलतोय. एल्.जी. भरा, टपोरे छर्रे, बॅटरी नळीला बांधू, अंधारात नेमाची भानगड नको.

तात्या काडतुसं भरत राहतात, पण एल्.जी. वेगळं ठेवतात. एल्.जी.चे मोजके छर्रे पंधरा-वीस पावलांपलीकडे फाकतात. दोन पोटात, एक पायात, आणि उरलेलं जनावर जाळीत. बिबळ्यासाठी ते एकच गोळी भरतात, नळीच्या तोंडाशी आवळण असेल तरी सहज निघेल एवढी लहान. भरून झाल्यावर विचारतात, "कुत्री नेणारा हाच तो, हे तू पाहिलंस?"

"बिबळ्या तो बिबळ्या."

"नाही. परवा ओढ्यावर पिल्लांच्या पावलांचे ठसे होते. ती मादी आहे. तिला मारलीस तर तीन अर्धवट पिल्लं गावात शिरतील. आज बसायचं नाही."

बंदूक जोडून खुंटीला लावली जाते, काडतुसं वेगळ्या कुलपात. तुम्हाला कळतं की या पडवीत आज सगळ्यात अवघड काम झालं. काडतूस निर्दोष भरलं गेलं आणि वापरलं गेलं नाही. याच साली तिकडे घाटावर, जिथे कोल्हापूरचे राजे शिकार करत, त्या दाजीपूरचं रान गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झालंय.

आज

पूल परत जागेवर आहे. रत्नागिरीहून निघालात की अर्ध्या-पाऊण तासात पावस. सड्यावर हापूसच्या बागा चढल्यात, गडग्यांमध्ये विहिरी खणल्यात, आणि बिबळ्या तिथेच आहे. रात्री गोळप-पावस रस्त्यावर गाडीच्या उजेडात दोन डोळे चमकतात ते त्याचेच.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं पर्व संपवलं. बिबट्या त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पिकं उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकरावरही वनखात्याच्या परवानगीशिवाय बार टाकता येत नाही, आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हत्यारांच्या कायद्याने गुन्हा आहे. मोठ्या बोअरची काडतुसं हाताने भरण्याची विद्या आज जिवंत आहे ती अमेरिका, दक्षिण आफ्रिका अशा देशांत. आफ्रिकेतल्या अनेक देशांत रानम्हशीसारख्या धोकादायक जनावरासाठी ३७५ बोअरहून लहान रायफल कायद्यानेच चालत नाही. तिथला जाणता माणूसही आधी जनावर विचारतो, मग गोळी, आणि वेग सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे बंदूक खुंटीवर गेली ते बरं झालं. वाईट हे की तिच्याबरोबरची शिस्तही गेली आणि तिच्या जागी फासकी आली. डुकरासाठी बागेच्या गडग्यात लावलेली गाडीच्या क्लचची तार जनावर ओळखत नाही. तिच्यात बिबट्या कमरेला अडकतो, तासन्‌तास तडफडतो, आणि सोडवायला गेलेल्या माणसावर उलटतो. डुकरासाठी पेरलेला गावठी बॉम्ब कुत्र्याचं, गाईचं तोंड फोडतो. आबांनी नाकारलेली खिळ्यांची मूठ आणि ही तार यांचा दोष एकच आहे: काहीतरी लागेल, कोणाला लागेल ते माहीत नाही. ठासणीच्या बंदुकीवाल्याला निदान रात्रभर झाडावर बसून आपण कोणावर चाप ओढतोय ते बघावं लागत होतं. तार लावणारा घरी झोपलेला असतो.

पावसच्या, मेर्वीच्या, गोळपच्या बागायतदारांना म्हणून एवढंच सांगायचं आहे. आपापल्या गडग्यावरून एकदा चालून या आणि फासकी दिसली तर काढून टाका, मग ती कोणीही लावलेली असो. उघड्या विहिरीला कठडा बांधा. बिबट्या विहिरीत पडण्याच्या घटना आपल्या जिल्ह्यात वारंवार घडतात आणि त्या गर्दीत माणसंच जखमी होतात. गोठ्याला दार लावा, रात्री गुरं आणि कुत्री आत घ्या. नुकसान झालं तर पंचनामा करून भरपाई मागा, ती तुमच्या हक्काची आहे. जनावर अडकलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि काहीही करण्याआधी समोर कोणतं जनावर आहे, ते आधी नीट बघा.